आकड्याचे मूळ गाव : आर्थिक दाव्यामागचा स्रोत विद्यार्थ्याने कसा तपासावा

मालवणी मुलखात अनोळखी माणूस भेटला की त्याला पहिल्यांदा विचारले जाते, ‘तुमी खंयचे?’ उत्तरादाखल नुसते तालुक्याचे नाव सांगून भागत नाही. गाव कोणते, वाडी कोणती, कोणाच्या घरातले, इथवर चौकशी पोचली की मगच विचारणाऱ्याचे समाधान होते आणि पुढचे बोलणे सुरू होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकल्पात, निबंधात किंवा वादस्पर्धेत वापरायच्या प्रत्येक आकड्याची अशीच चौकशी करावी. आकडा ज्या वर्तमानपत्रात वाचला ते फार तर त्याचे मुक्कामाचे ठिकाण असते. कोणीतरी मोजून, विचारून किंवा अंदाज बांधून तो पहिल्यांदा जिथे कागदावर लिहिला, ते त्याचे गाव.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी आंबा बागायतीवरच्या प्रकल्पात मी एका स्मरणिकेतून वार्षिक उलाढालीचा आकडा उचलला होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटता उलटता शांतपणे विचारले, ‘हा आकडा कोणत्या हंगामाचा?’ मला सांगता आले नाही. घरी येऊन स्मरणिका पुन्हा उघडली, तर तो लेखच तिच्या एका जुन्या अंकातून जसाच्या तसा उतरवलेला निघाला, आणि हंगामाचा उल्लेख त्या जुन्या अंकातही नव्हता. गुण गेले ते गेले. तेव्हापासून आकडा दिसला की माझा हात आधी तळटीप शोधू लागतो.

आधी दावा सोडवून घ्या

समजा, एप्रिलच्या अखेरीस फोनवर असा मजकूर आला : ‘यंदा कोकणात हापूसचे उत्पादन निम्म्याने घटले असून बागायतदारांचे शेकडो कोटींचे नुकसान झाले आहे.’ हा मजकूर खरा की खोटा, हे लगेच ठरवायला बसू नये, कारण आहे त्या रूपात तो तपासताच येत नाही. जाळ्यात गुंतलेली मासळी सोडवावी तसा तो एकेका शब्दाने सोडवावा लागतो.

‘कोकण’ म्हणजे कोणते? महसुली कोकण विभागात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर धरून सात जिल्हे येतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आणि बोलताना आपण कोकण म्हणतो तेव्हा बहुधा रत्नागिरी व सिंधुदुर्ग एवढेच मनात असते. ‘हापूस’ म्हणजे फक्त हापूस, की सरकारी तक्त्यात असतो तसा सगळ्या जातींचा आंबा? ‘उत्पादन’ म्हणजे झाडावरून उतरलेला माल, की बाजार समितीत पोचलेली आवक? ‘निम्म्याने’ म्हणजे कशाच्या निम्मे : गेल्या वर्षाच्या, पाच वर्षांच्या सरासरीच्या, की बागायतदाराच्या अपेक्षेच्या? आणि ‘नुकसान’ कोणत्या दराने काढले? माल कमी आला की दर चढतो, त्यामुळे निम्मा माल म्हणजे निम्मे उत्पन्न असे समीकरण मांडताच येत नाही. हे प्रश्न वहीत लिहून काढल्यावर एका वाक्याचे पाच वेगवेगळे दावे झालेले दिसतात. त्यांतले दोन-तीन तपासता येतात, बाकीचे येत नाहीत, आणि कोणते येत नाहीत हे कळणे हीदेखील प्रगतीच असते.

मागे मागे चालत जा

दावा सुटा झाला की त्याच्या उगमाकडे निघावे. ‘सूत्रांनुसार’, ‘एका अहवालानुसार’, ‘जाणकारांच्या मते’ हे शब्द दिसले तर तिथे वाट संपलेली आहे असे समजून दुसरी बातमी शोधावी. एखाद्या कार्यालयाचे, पाहणीचे किंवा अहवालाचे नाव असेल तर बातमी बाजूला ठेवून थेट तो अहवाल उघडावा, आणि अहवालातही सुरुवातीचा सारांश वाचून न थांबता ज्या तक्त्यातून आकडा उचलला आहे त्या तक्त्यापर्यंत जावे. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते विद्यार्थी हमखास सोडून देतात, आणि खरी माहिती नेमकी तिथेच असते : आकडे अंतिम आहेत की अस्थायी, कोणत्या वर्षाच्या किमतींना आहेत, कोणता जिल्हा किंवा गट त्यांतून वगळला आहे.

एकच आकडा दहा ठिकाणी सापडला म्हणून त्याला दहा आधार मिळाले असे होत नाही. दहाही बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकावरून लिहिलेल्या असू शकतात. एका विहिरीचे पाणी दहा घरांच्या हंड्यांत भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत. हे ओळखायची सोपी रीत अशी की आकडा आणि त्याच्या आजूबाजूचे चार शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत आणि निकालांतली सर्वांत जुनी तारीख पाहावी. शब्दरचनाही सारखीच असेल तर विहीर एकच आहे. हल्ली बरेच विद्यार्थी संगणकाच्या संभाषण-साहाय्यकाला आकडा विचारतात. विचारायला हरकत नाही, पण तो ज्या अहवालाचे नाव सांगेल तो अहवाल स्वतः उघडून, पान क्रमांकासह तो आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये. नाव भारदस्त आणि अहवाल अस्तित्वातच नाही, असे अनेकदा घडते.

कोकणातल्या विद्यार्थ्याला उपयोगी पडणारी मूळ ठिकाणे फार नाहीत. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर विधिमंडळात मांडली जाते आणि ती मराठीतही मिळते. त्याच संचालनालयाचे जिल्हा कार्यालय ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. तालुकानिहाय माहितीसाठी याच्याइतके हाताशी असलेले दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही, आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते बहुधा सर्वांत कमी हाताळलेले असते. लोकसंख्येसाठी जनगणना, रोजगार व महागाईसाठी केंद्राचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, राज्याराज्यांच्या तुलनेसाठी रिझर्व्ह बँकेचे राज्यांविषयीच्या आकडेवारीचे वार्षिक पुस्तक, बाजारभावांसाठी राज्य कृषी पणन मंडळ, आणि मासळीसाठी राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग व कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, एवढ्यांची ओळख करून घेतली तरी पदवीपर्यंतचे बहुतेक काम भागते.

पेटीतला आकडा

आता आंब्याच्या त्याच मजकुराकडे परत येऊ, कारण स्रोत तपासण्याच्या जवळजवळ सगळ्या खाचाखोचा या एका फळात सापडतात.

पहिली खाच क्षेत्राची. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर, कातळावर आंबा-काजूची कलमे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. पण कलम लावले की त्याच वर्षी फळ मिळत नाही. किफायतशीर पीक यायला काही वर्षे जावी लागतात, आणि लावलेली सगळी कलमे जगतात असेही नाही. म्हणून तक्त्यात ‘लागवडीखालील क्षेत्र’ आणि ‘उत्पादनक्षम क्षेत्र’ असे दोन वेगळे रकाने असतात. कोणी एकूण उत्पादनाला पहिल्या रकान्याने भागून ‘कोकणची हेक्टरी उत्पादकता किती कमी’ असे म्हणत असेल, तर त्याने न फळणारी कलमेही हिशेबात धरली आहेत. दोन लेखकांचे हेक्टरी आकडे जुळत नसतील तर भांडण मिटवण्यापूर्वी दोघांनी कोणता रकाना घेतला ते पाहावे.

दुसरी खाच तुलनेच्या वर्षाची. हापूस हा वर्षाआड भरघोस फळणारा आंबा आहे; एका वर्षी झाड लगडले की पुढच्या वर्षी मोहोर बेताचाच येतो. त्यामुळे गेल्या वर्षाशी केलेली तुलना कोणत्याही बाजूने फसवू शकते. भरघोस वर्षानंतरचे साधे वर्ष ‘मोठी घट’ ठरते आणि पडलेल्या वर्षानंतरचे साधे वर्ष ‘विक्रमी वाढ’ ठरते. त्यात मोहोराच्या वेळचा अवकाळी पाऊस, तुडतुडे, थंडीचे पुढे ढकलले जाणे यांची भर पडते. घटीचा दावा तपासताना निदान पाच-सहा हंगामांची मालिका समोर ठेवावी आणि दावा करणाऱ्याने नेमके कोणते वर्ष तुलनेला निवडले आहे हे पाहावे. सोयीचे वर्ष निवडणे ही लबाडी करायला एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही.

तिसरी खाच मापाची, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात ‘इतक्या हजार पेट्या आल्या’ अशी बातमी येते. पेटी हे वजनाचे माप नाही. मोठ्या फळाची पेटी चार-पाच डझनांची असते, तर लहान फळ सात-आठ डझनांपर्यंत जाते. शिवाय बातमीतला पेट्यांचा आकडा कोकणच्या मालाचाच आहे की कर्नाटकातून आलेला आंबाही त्यात धरला आहे, हे पाहावे लागते. म्हणून पेट्यांचे टन करताना कोणी एकच गुणक वापरला असेल तर तो कुठून आणला हे विचारावे. शक्य असेल तर ओळखीच्या बागायतदाराकडची विक्रीपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मागून घ्या आणि शांतपणे वाचा. वर तारीख, पेट्यांची संख्या आणि डझन. मग प्रत्येक गटाला मिळालेला दर. त्याखाली भाडे, हमाली व इतर कपाती. आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. एका हंगामाच्या वीस पट्ट्या तारखेप्रमाणे लावल्या की मार्चमधल्या पहिल्या पेट्यांचा दर आणि मेमधल्या मालाचा दर यांतला उतार समोर उभा राहतो, आणि मार्चच्या दराने साऱ्या हंगामाचे नुकसान काढणारी बातमी किती फुगलेली असते ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या वीस पट्ट्या एका बागेच्या आहेत, साऱ्या कोकणच्या नव्हेत, ही जाणीव ठेवूनच त्या प्रकल्पात वापराव्यात.

पणन मंडळाच्या दैनंदिन तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. बातमीत बहुधा कमाल दर छापला जातो, कारण तो वाचायला चमकदार वाटतो. त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला त्याची कल्पना सर्वसाधारण दरावरून येते, आणि अभ्यासासाठी तोच घ्यावा.

दरडोई उत्पन्न आणि मनीऑर्डर

‘अमुक जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न इतके, म्हणजे तिथला माणूस इतका कमावतो’ हे वाक्य भाषणांतून आणि उत्तरपत्रिकांतून सारख्याच आत्मविश्वासाने येते. हा आकडा सरकारी असतो, आर्थिक पाहणीत छापलेला असतो, म्हणून त्याच्यावर शंका घेण्याचे कारण नाही असे वाटते. आकडा खोटा नसतोच. त्याचा अर्थ मात्र लोक समजतात तो नसतो.

जिल्ह्याचे उत्पन्न काढताना ते कुठे निर्माण झाले हे पाहिले जाते, कोणाच्या घरात पोचले हे पाहिले जात नाही. खेड तालुक्यातल्या एखाद्या घरातला मुलगा मुंबईत नोकरी करतो आणि दरमहा गावी पैसे पाठवतो. त्याचा पगार मुंबईच्या उत्पन्नात धरला जातो. गावी आलेल्या पैशांवर घर चालते, कौले बदलली जातात, गणपतीचा खर्च भागतो, पण रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्पन्नात ती रक्कम मोजली जात नाही. उलट बाजूने, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या वीज प्रकल्पातून निर्माण होणारे मूल्य जिल्ह्याच्या खात्यावर जमा होते, मग त्याचा नफा कुठल्याही शहरात जावो. ज्या मुलखाला पिढ्यान्पिढ्या मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हटले गेले, तिथे हा फरक किरकोळ म्हणून सोडता येत नाही. शिवाय जिल्हा पातळीवर प्रत्येक क्षेत्राची स्वतंत्र मोजणी उपलब्ध नसते. काही क्षेत्रांचे राज्याचे उत्पन्न तिथे काम करणाऱ्यांच्या संख्येसारख्या निकषांवर जिल्ह्यांत वाटून दिले जाते. अशा वाटपातून आलेला आकडा दशांश चिन्हापर्यंत नेमका दिसत असला तरी तेवढा नेमका मानू नये.

मग छेदाचा प्रश्न येतो. दरडोई म्हटले की खाली लोकसंख्या आली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले, रत्नागिरी जवळपास पाच टक्क्यांनी. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांचा छेद हा जुन्या मोजणीवरून पुढे नेलेला अंदाज असतो. माणसे बाहेर जाण्याचा वेग बदलला असेल तर तो अंदाज चुकतो आणि दरडोई उत्पन्न न वाढताही वाढलेले, किंवा वाढूनही न वाढलेले दिसते. दरडोईचा कोणताही दावा हाती आला की अंश कोणी काढला आणि छेद कोणत्या वर्षाचा, हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. उत्पन्न चालू किमतींना, म्हणजे त्या त्या वर्षाच्या किमतींना आहे, की स्थिर, म्हणजे एकाच ठरलेल्या वर्षाच्या किमतींना, हा तिसरा. चालू किमतींच्या आकड्यात महागाईही मिसळलेली असते, म्हणून दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट झाले असे सांगणाऱ्याने किमती कोणत्या घेतल्या हे कळेपर्यंत मान डोलावू नये.

सरासरीच्या बाबतीत दादाभाई नवरोजींचे एक उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. १८६७-६८ च्या सुमाराचे हिंदी माणसाचे दरडोई उत्पन्न त्यांनी सुमारे वीस रुपये काढले, ते सरकारचेच प्रांतिक अहवाल वापरून. तो हिशेब करताना सरकारी अधिकारी सरासरी कशी काढतात यावर त्यांनी बोट ठेवले : प्रत्येक जिल्ह्याचे सरासरी पीक घ्यायचे, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, कोणत्या जिल्ह्यात किती जमीन लागवडीखाली आहे याचा विचारच नाही. आजही पाच तालुक्यांच्या सरासऱ्यांची सरासरी काढणारे प्रकल्प मी तपासतो तेव्हा मला तोच आक्षेप लिहावा लागतो. दादाभाईंनी आपले गुणाकार-भागाकार उघडे मांडले होते, म्हणून विरोधकाला ते तपासता येत होते. चांगल्या स्रोताची ही एक मोठी खूण आहे : आकड्यासोबत तो काढण्याची रीतही दिलेली असते.

बंदरावर कोण मोजते

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला असेल तर तिथे फारसे वजन होत नाही हे लक्षात आले असेल. टोपल्या आणि ढीग यांवर बोली लागते. बाजारात पुढे तीच मासळी ‘वाट्या’ने विकली जाते. असे असताना राज्याच्या सागरी उत्पादनाचा टनांतला आकडा कुठून येतो, हा रास्त प्रश्न आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था नमुना पद्धत वापरते : मासळी उतरवण्याची केंद्रे गटांत विभागली जातात, त्यांतली काही केंद्रे आणि काही दिवस निवडले जातात, निवडलेल्या दिवशी तिचे माणूस जेटीवर उभे राहून काही बोटींच्या मासळीची नोंद घेते, आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधला जातो. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आपले आकडे स्वतंत्रपणे देतो. शिवाय संस्थेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि राज्याचे एप्रिल ते मार्च. पावसाळी मासेमारीबंदी जूनमध्ये सुरू होते आणि त्यानंतरचा हंगाम पुढच्या मेपर्यंत चालतो, त्यामुळे एकच हंगाम या दोन वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी कापला जातो.

म्हणून दोन सरकारी आकडे जुळले नाहीत की एक खोटा असलाच पाहिजे, असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही आकडे आपापल्या रीतीने बरोबर असू शकतात. एका वर्षाचा आकडा एका स्रोताचा आणि पुढच्या वर्षाचा दुसऱ्या स्रोताचा घेऊन ‘मासळी इतकी वाढली’ किंवा ‘इतकी घटली’ असे लिहिणे हाच खरा दोष. मालिका एकदा निवडली की शेवटपर्यंत तीच ठेवावी.

बेरोजगारीच्या आकड्यांतही हीच गत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ या वर्षासाठी पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांतला बेरोजगारीचा दर वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीनुसार (माणूस मागच्या वर्षभरात काय करत होता ते पाहून) ३.२ टक्के आहे आणि चालू आठवड्याच्या स्थितीनुसार (मागच्या सात दिवसांत काय करत होता ते पाहून) ४.९ टक्के. सर्वेक्षण एकच, माणसे तीच, व्याख्या वेगळ्या. वादस्पर्धेत एका बाजूचा वक्ता पहिला आकडा घेतो, दुसऱ्या बाजूचा दुसरा, आणि दोघेही एकमेकांना खोटारडे ठरवतात. शिवाय या सर्वेक्षणात घरच्या व्यवसायात पगाराशिवाय मदत करणारी व्यक्तीही रोजगारात धरली जाते. नवऱ्याच्या होडीतून उतरलेली मासळी सुकवणारी बाई त्या हिशेबाने कामावर आहे, मग तिच्या हातात एक पैसाही न येवो. हे मोजमाप चूक आहे असे मी म्हणत नाही. पण रोजगार वाढला हे वाक्य लिहिण्यापूर्वी कोणत्या प्रकारचा रोजगार वाढला हा रकाना उघडून पाहावा. असा दर जिल्ह्यासाठी मागितला तर आणखी सावध व्हावे, कारण राज्यापुरता पुरणारा नमुना एका जिल्ह्यापुरता अनेकदा फार तोकडा पडतो.

महागाईबाबत थोडक्यात एवढेच : ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत मालिकेत, म्हणजे २०१२ च्या किमतींशी तुलना करणाऱ्या मालिकेत, देशभरातली १,१८१ गावे आणि ३१० शहरांतले १,११४ बाजार यांतून किमती घेतल्या जात आणि खाद्यपदार्थ व पेये यांचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, ४५.८६ टक्के होता. तुमच्या गावात बांगड्याचा वाटा महागला याची त्या निर्देशांकात वेगळी नोंद असेल अशी अपेक्षा धरू नये. पायाभूत वर्ष बदलले की जुन्या व नव्या मालिकेचे आकडे सरळ एका ओळीत मांडता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

आकडा कोणाच्या कामाचा

प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी हेतू असतो, पण हेतू दिसला म्हणून आकडा आपोआप खोटा ठरत नाही. बागायतदारांची संघटना नुकसान मोठे सांगेल, पीक विम्याचा हिशेब करणारी कंपनी लहान सांगेल. दोघांच्याही आकड्यांत तपासण्याजोगे काही असतेच. प्रकल्पांच्या घोषणांत मात्र शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘सामंजस्य करार झाला’, ‘गुंतवणूक प्रस्तावित आहे’, ‘मंजुरी मिळाली’ आणि ‘काम सुरू झाले’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीची रक्कम चौथ्या पायरीची म्हणून सांगितली जाते. ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार’ असा जोडशब्द आला तर त्यातला अप्रत्यक्ष भाग कोणत्या गुणकाने काढला आणि बांधकामापुरती कामे त्यात धरली आहेत का, हे विचारावे. विरोधकांच्या पत्रकातल्या ‘इतकी हजार कुटुंबे उद्ध्वस्त होतील’ या आकड्यालाही हेच प्रश्न लागू करावेत. आपल्या मताला सोयीचा आकडा तपासताना माणूस हमखास ढिला पडतो, मीही पडतो.

एककांची चूक मात्र हेतूविना होते आणि ती सर्वांत जास्त आढळते. दशलक्ष म्हणजे दहा लाख आणि अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे परीक्षेत सगळे बरोबर लिहितात आणि इंग्रजी अहवालातून आकडे उतरवताना विसरतात. तसेच दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर तो दोन टक्केबिंदूंनी वाढला, आणि टक्क्यांच्या भाषेत पन्नास टक्क्यांनी वाढला. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण मथळ्यात कोणते येईल हे सांगायला नको.

लिहिताना

तपासलेल्या प्रत्येक आकड्याची नोंद लगेच करावी : प्रकाशनाचे पूर्ण नाव, काढणारे कार्यालय, वर्ष, तक्ता क्रमांक, पान, आकडा अस्थायी की अंतिम, आणि तुम्ही तो कोणत्या तारखेला पाहिलात. तारीख यासाठी की सरकारी अंदाज सुधारत जातात. राज्याच्या उत्पन्नाचा यंदाचा आगाऊ अंदाज पुढच्या पाहणीत वेगळा छापलेला दिसतो, आणि तुमचा आकडा जुन्या आवृत्तीतला आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. संकेतस्थळावरचे पान पुढे नाहीसे होऊ शकते, म्हणून ते उतरवून ठेवावे.

जिल्ह्यातला एखादा आकडा कुठेच छापलेला सापडत नसेल तर संबंधित कार्यालयात जाऊन विचारावे. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विद्यार्थ्याने नीट प्रश्न घेऊन गेल्यास बहुधा मदत होते. तरीही नाही मिळाला तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘मासळीची सविस्तर माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. ‘अमुक बंदरावर २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांत उतरलेल्या मासळीची महिनावार नोंद असलेल्या कागदाची प्रत द्यावी’ असे लिहावे, कारण कार्यालय अस्तित्वात असलेला कागद देते, तुमच्यासाठी नवा हिशेब करून देत नाही. प्रकल्प सादर करायला दोन महिने उरले असतानाच हा अर्ज टाकायला हवा.

आणि एवढे करूनही मूळ सापडले नाही, तर तो आकडा गाळण्याऐवजी त्याच्याविषयी खरे काय ते लिहावे : ‘हंगामातील नुकसानीचा हा आकडा अनेक वर्तमानपत्रांत आला आहे, तथापि तो कोणत्या कार्यालयाने व कोणत्या रीतीने काढला याचा उल्लेख त्यांपैकी कोठेही आढळला नाही, म्हणून प्रस्तुत प्रकल्पातील हिशेबात तो धरलेला नाही.’ तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पान उलटत त्या वाक्यापाशी आले, तर पुढे काय विचारावे हे त्यांनाच ठरवावे लागेल.